कचरागाड्यांचे त्रैराशिक कुठे चुकते?

सकाळी घंटागाडी दारावरून पुढे गेली की आपल्या दृष्टीने कचरा संपला. गाडीच्या दृष्टीने मात्र खरा प्रवास तेथून सुरू होतो. गल्ल्या फिरून ती भरते, आणि भरली की तिला कोठेतरी रिकामे व्हावे लागते. हे 'कोठेतरी' कोणाच्या शेजारी असावे यावरून जगात बरीच भांडणे झाली आहेत. त्यातल्या एका लहानशा भांडणात मी अलीकडे ओढला गेलो.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी शेजारची नववीतली मुलगी हातात एक कागद घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, तुम्ही कॉलेजात फिजिक्स शिकवता ना? मग हे बरोबर आहे का ते सांगा." तो कागद म्हणजे एका प्रस्तावाची प्रत होती. तिच्या शाळेच्या रस्त्यावर, शाळेच्या फाटकापासून दीडशे मीटरवर, कचरा हस्तांतरण केंद्र उभारायचे घाटत होते. नागरिकांच्या हरकती मागवल्या होत्या. शेवटच्या पानावर वाहतुकीबद्दल एकच वाक्य होते. केंद्रामुळे या रस्त्यावरील वाहतूक सुमारे दोन टक्क्यांनी वाढेल व परिणाम नगण्य राहील, असा त्याचा आशय होता. मुलगी रोज सायकलने शाळेत जाते. 'नगण्य' या शब्दाचा अर्थ तिने शब्दकोशात पाहून ठेवला होता.

गावाचे नाव मी सांगत नाही. आकडेही हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल करून घेतले आहेत. पण दोन टक्के ज्या रीतीने काढले होते ती रीत खरी आहे, आणि तीच आपल्याला तपासायची आहे.

प्रथम हस्तांतरण केंद्र हवेच कशाला, ते पाहू. समजा, गावात रोज २०० टन कचरा निघतो आणि एका घंटागाडीत एका खेपेला एक टन मावतो. म्हणजे रोज २०० खेपा झाल्या. कचरा डेपो गावाबाहेर २५ किलोमीटरवर आहे. प्रत्येक खेपेला जाऊन येऊन ५० किलोमीटर, म्हणून एकूण १०,००० किलोमीटरची धाव. छोटी गाडी लिटरला १० किलोमीटर जाते असे धरले, तर रोज हजार लिटर डिझेल जळते. आणि तेही कशासाठी? एक टन कचरा नेण्यासाठी तेवढ्याच वजनाची गाडी आणि दोन माणसे पन्नास किलोमीटर हिंडवायची!

आता गावातच एक मधले ठाणे करू. घंटागाड्या सरासरी चार किलोमीटरवर असलेल्या या ठाण्यावर येऊन रिकाम्या होतील. तेथे कचरा यांत्रिक दट्ट्याने मोठ्या पेटीत दाबून भरायचा आणि १६ टनांची मोठी गाडी तो डेपोवर नेईल. २०० भागिले १६ म्हणजे साडेबारा, म्हणून १३ खेपा. मोठ्या गाड्यांची धाव १३ गुणिले ५०, म्हणजे ६५० किलोमीटर. छोट्यांची २०० गुणिले ८, म्हणजे १,६०० किलोमीटर. मोठी गाडी लिटरला ३ किलोमीटर जाते असे धरले तरी सगळे मिळून सुमारे ३७७ लिटर डिझेल लागते. हजारावरून पावणेचारशेवर! तेव्हा हस्तांतरण केंद्राची कल्पना चांगली आहे, हे आधीच मान्य करून टाकू. मुलीला हे पटायला थोडा वेळ लागला. 'विरोध करायचा' असे ठरवूनच ती आली होती.

मोठ्या शहरांना तर याशिवाय गत्यंतरच नसते. मुंबईत देवनारची कचराभूमी १९२७ सालापासूनची. कुर्ला ते चेंबूर ही रेल्वेची वाट मुळात १९०६ साली कचऱ्याच्या गाड्यांसाठी टाकली होती. प्रवाशांना ती १९२४ मध्ये खुली झाली. आज हार्बर मार्गावर लोंबकळत जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की या रुळांचे पहिले प्रवासी केराच्या टोपल्या होते? पुढे कचरा रस्त्यावर आला आणि महालक्ष्मी, कुर्ला अशा ठिकाणी लहान गाड्यांतून मोठ्या गाड्यांत कचरा भरण्याची केंद्रे झाली. शहर वाढते तशी कचराभूमी दूर जाते, आणि ती दूर गेली की मधले ठाणे लागतेच.

मग अडचण कोठे आहे? अडचण फाटकावर आहे. गावभर विखुरलेली धाव कमी झाली हे खरे, पण तिचे एक टोक आता एकाच जागी बांधले गेले. भिंगाने सूर्यकिरण गोळा केल्यावर उष्णता वाढत नाही, एका ठिपक्यावर एकवटते; आणि कागद त्या ठिपक्यापाशीच जळतो. तेव्हा ठिपक्यापाशी काय होते ते मोजले पाहिजे.

प्रस्तावातले त्रैराशिक असे होते. २०० छोट्या खेपा व १३ मोठ्या, प्रत्येक गाडी एकदा आत आणि एकदा बाहेर, म्हणून दिवसाला ४२६ ये-जा. भागिले २४, म्हणजे तासाला सुमारे १८. शाळेच्या रस्त्यावरून तासाला ८८० वाहने जातात. १८ म्हणजे ८८० च्या दोन टक्के. झाले उत्तर!

"बरोबरच आहे की," मुलगी हिरमुसून म्हणाली. भागाकार बरोबर होता. पण २४ ने भागायला सांगितले कोणी? मी तिला विचारले, "तुमच्याकडे घंटागाडी रात्री दोन वाजता येते का?"

येथे पहिली चूक सापडते. गावात शंभर गाड्या आहेत आणि प्रत्येक गाडी दोन खेपा करते. सगळ्या साडेसहाला निघतात. गल्ल्या फिरून भरायला साधारण सारखाच वेळ लागतो, म्हणून पहिल्या खेपेच्या बऱ्याचशा गाड्या एकाच सुमारास परततात. समजा, दहा ते अकरा या तासात ६० गाड्या आल्या. ६० आत, ६० बाहेर, शिवाय मोठ्या गाड्यांच्या चार ये-जा, एकूण १२४. कोठे १८ आणि कोठे १२४! आणि शाळा भरते पावणेअकराला. कमरेएवढी सरासरी खोली असलेल्या नदीत माणूस बुडू शकतो, तसेच हे आहे. बुडायला सरासरी लागत नाही, एक डोह पुरतो.

दुसरी चूक जरा बारीक आहे. सगळी वाहने सारखी मोजली होती. सायकल एक आणि ट्रकही एक. पण रस्त्यावर जागा अडवण्याच्या बाबतीत ती सारखी नसतात, म्हणून अभियंते प्रत्येक वाहनाचे 'मोटार-एकका'त रूपांतर करतात. एक मोटार म्हणजे एक एकक. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने १९९० साली शहरी रस्त्यांसाठी जे कोष्टक दिले, त्यात सायकल साधारण अर्धे एकक आहे, हातगाडी दोन ते तीन, ट्रक किंवा बस २.२ ते ३.७ आणि ट्रॅक्टर-ट्रॉली चार ते पाच. हातगाडी मोटारीपेक्षा जड का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. एखाद्या दिवशी हातगाडीमागे अडकलेल्या बसमध्ये बसा, म्हणजे उत्तर मिळेल. या कोष्टकात आणखी एक गंमत आहे. एखाद्या जातीची वाहने एकंदरीत थोडी असतील तर तिचे एकक कमी, आणि त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांवर गेले की एकक जास्त. छोट्या मालवाहू गाडीचे एकक १.४ वरून २ होते. गर्दीत गाडीचा 'उपद्रव' वाढतो तो असा.

मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी तीन दिवस शाळेच्या कट्ट्यावर बसून वाहने मोजत होत्या. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, अशी आपली जुनी पद्धत. दहा ते अकरा या तासाचा हिशेब असा जमला : ६०० दुचाकी, १०० मोटारी, ६० रिक्षा, १०० सायकली, २० बस व ट्रक. कोष्टकाप्रमाणे त्यांची एकके अनुक्रमे ४५०, १००, ७२, ५० आणि ४४, एकूण ७१६. दुकाने, उभी वाहने आणि आडवी येणारी वर्दळ असलेल्या दुपदरी रस्त्याला त्याच कोष्टकात तासाला ९०० एककांची मर्यादा दिली आहे. म्हणजे रस्ता आज पाऊण भरलेला आहे.

आता १२० घंटागाड्यांची भर घाला. त्या एकूण वाहनांच्या दहा टक्क्यांवर जातात, म्हणून प्रत्येकी दोन एकके, म्हणजे २४०. मोठ्या गाड्यांची नऊ. ७१६ आणि २४९ मिळून ९६५! दोन टक्क्यांची वाढ प्रत्यक्षात पस्तीस टक्क्यांची निघाली आणि रस्त्याची मर्यादा ओलांडून गेली.

येथे मुलीने जो प्रश्न विचारला तो माझ्या कॉलेजातल्या मुलांनाही सुचला नव्हता. "काका, आत्ता ज्या घंटागाड्या आमच्या रस्त्याने डेपोकडे जात असतील, त्या वजा करायला नकोत का?" अगदी बरोबर! परिणाम म्हणजे 'केंद्र झाल्यावर' आणि 'केंद्र न झाल्यास' यांतला फरक. जे आजही घडते आहे त्याचा दोष केंद्राच्या माथी मारणे हीसुद्धा लबाडीच. या गावात घंटागाड्या दुसऱ्या टोकाच्या बाह्यवळण रस्त्याने जातात, म्हणून वजा करण्याजोगे काही नव्हते. पण तुमच्या गावात असू शकेल.

आता रांगेकडे वळू. माझ्या आवडीचा भाग हाच. आत येणारी प्रत्येक गाडी वजनकाट्यावर चढते. तिचा नंबर, वजन, पावती यांत सरासरी ५० सेकंद जातात. म्हणजे काटा तासाला ७२ गाड्या सोडू शकतो. येणार आहेत ६०. तुम्ही म्हणाल, मग रांग लागेलच कशी? गाड्या घड्याळ लावून बरोबर एकेका मिनिटाने आल्या तर खरोखर लागणार नाही. पण त्या तशा येत नाहीत. तीन एकदम येतात आणि नंतर चार मिनिटे कोणीच येत नाही. त्या चार मिनिटांत रिकामा राहिलेला काटा तो वेळ साठवून ठेवू शकत नाही. वाया गेला तो गेलाच.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणिती एर्लांग याने १९०९ साली दूरध्वनीच्या मागण्यांबाबत हा विचार प्रथम मांडला, आणि त्यातून रांगांचे शास्त्र जन्माला आले. गाड्या अशा अवचित येत असतील व प्रत्येकीला लागणारा वेळही कमीजास्त होत असेल, तर त्यातला एक सोपा नियम असा : तासाला येणाऱ्या गाड्यांना 'क्षमता वजा येणाऱ्या गाड्या' यांनी भागा, काट्यावरच्या गाडीसह किती गाड्या सरासरीने तुंबून असतील ते मिळते. ६० भागिले (७२ वजा ६०) म्हणजे ५ गाड्या. आता गाड्या जरा वाढून ६६ झाल्या तर? ६६ भागिले ६, म्हणजे ११. आणि ६९ झाल्या तर ६९ भागिले ३, म्हणजे २३! गाड्या पंधरा टक्क्यांनी वाढल्या आणि रांग पाचपट झाली. छेद शून्याकडे जाऊ लागला की काय होते हे तुम्ही बीजगणितात शिकता. येथे ते डोळ्यांनी दिसते.

हे घरी करून पाहता येते. दोन फासे आणि मूठभर चिंचोके घ्या. दोन्ही फासे टाका. ज्या फाशावर एक किंवा दोन पडेल त्याची एक गाडी आली, म्हणून एक चिंचोका रांगेत ठेवा. मग रांगेतून एक चिंचोका काढून घ्या, म्हणजे काट्याने एक गाडी सोडली. असे पन्नास वेळा करा आणि प्रत्येक वेळी रांग मोजून लिहा. नंतर नियम बदला : एक, दोन किंवा तीन पडले तरी गाडी आली असे धरा. आता दर फेरीला सरासरी एकच गाडी येते व एकच सुटते. तरीही रांग कशी लांबत जाते ते पाहा. आमच्या घरी हा खेळ चालू असताना एकदा चिंचोके संपले होते.

केंद्राच्या आराखड्यात फाटक ते काटा ही जागा एका ओळीत पाच गाड्या मावतील एवढीच होती. सरासरी रांगही पाचाचीच, मग सगळे ठीक नाही का? नाही. पुन्हा तोच सरासरीचा डोह. याच नियमावरून असे निघते की सहा किंवा अधिक गाड्या असण्याची शक्यता ६ वेळा ५/६ चा गुणाकार, म्हणजे सुमारे एक तृतीयांश. तासातली वीस मिनिटे सहावी, सातवी, आठवी गाडी रस्त्यावर उभी असणार. दुपदरी रस्त्याचा एक पदर गेला, की सायकलवाल्या मुलांनी रांगेला वळसा घालून समोरून येणाऱ्या वाहनांच्या तोंडी जायचे. प्रस्तावात हे कोठेच नव्हते.

मोठ्या गाड्या फक्त तेरा आहेत, पण त्यांचे दोन गुण वेगळेच आहेत. पहिला वळणाचा. गाडी वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापत जातात. पुढचे चाक १० मीटर त्रिज्येने वळत असेल आणि पुढच्या-मागच्या चाकांत ५ मीटर अंतर असेल, तर पायथागोरसच्या सिद्धांताने मागच्या चाकाची त्रिज्या १०० वजा २५ चे वर्गमूळ, म्हणजे ८.६६ मीटर. फरक १.३४ मीटर. डाव्या वळणावर या सव्वा मीटरच्या पट्ट्यातच आपल्याकडची सायकल असते! चालकाने पुढचे चाक सायकलीपासून नीट लांब ठेवलेले असते, तरी मागचे चाक तिच्यावर येते. वळणाऱ्या मोठ्या गाडीच्या डाव्या अंगाला कधीही थांबू नका, मागे थांबा. लेखातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

दुसरा गुण रस्ता उखडण्याचा. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक सतत फिरवून एक प्रचंड प्रयोग केला गेला. त्यातून असे दिसले की रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. घंटागाडीच्या आसावर एक टन भार असेल आणि मोठ्या गाडीच्या आसावर दहा टन, तर झीज दहापट नव्हे, दहा हजारपट. खोळंबा होतो दोनशे छोट्या गाड्यांमुळे, खड्डे पडतात तेरा मोठ्यांमुळे. दोघांचा बंदोबस्त वेगवेगळा करावा लागतो.

"मग काका, केंद्र दुसरीकडे न्या म्हणून लिहू का?" मुलीने विचारले. मी म्हटले, "लिही, पण दुसरीकडेही एखादी शाळा असेल." न्यू यॉर्क शहराची हकीकत तिला सांगितली. तेथे स्टेटन बेटावरची फ्रेश किल्स ही प्रचंड कचराभूमी १९४८ साली सुरू झाली आणि मार्च २००१ मध्ये बंद झाली. तोवर घरगुती कचरा बोटींतून जात असे. ती बंद झाल्यावर तो ट्रकांवर आला, आणि साउथ ब्राँक्स, ब्रुकलिनचा उत्तर भाग अशा गरीब वस्त्यांतल्या खासगी हस्तांतरण केंद्रांवर या गाड्यांची रीघ लागली. मग २००६ च्या योजनेत असे ठरले की शहराच्या प्रत्येक भागाने आपापल्या कचऱ्याचा वाटा उचलावा. त्याप्रमाणे मॅनहॅटनमधल्या एका सधन वस्तीत, ९१ व्या रस्त्याच्या टोकाला नदीकाठी, कचरा बोटींवर चढवणारे केंद्र व्हायचे होते. ट्रकांचा चढरस्ता मुलांच्या खेळाच्या मैदानाजवळून जात होता. रहिवाशांनी अनेक वर्षे झगडा केला. केंद्र शेवटी मार्च २०१९ मध्ये सुरू झाले. मैदानाजवळ राहणाऱ्यांची काळजी खोटी नव्हती. साउथ ब्राँक्समध्ये राहणाऱ्यांचीही नव्हती. गाडी एका रस्त्यावरून काढली की ती दुसऱ्या कोणाच्या तरी रस्त्यावर जाते.

म्हणून आम्ही आधी वेळापत्रकाला हात घातला. निम्म्या घंटागाड्या एक तास उशिरा सोडल्या, तर त्या ६० गाड्या दोन तासांत वाटल्या जातील. तासाला ३०. नियम लावा : ३० भागिले ४२. पाच गाड्यांची रांग एकाहून खाली येते, आणि खर्च शून्य! दुसरा काटा बसवला, तर ६० गाड्या आल्या तरी सरासरी तुंबलेल्या गाड्या सुमारे एकच. पण त्याला पैसे लागतात. उशिरा गाडी आली तर नोकरीवर जाणाऱ्या घरांत कचरा तसाच राहील, ही अडचण मुलीच्या आईने काढली, आणि ती रास्त आहे. निदान शाळेसमोरच्या रस्त्याने नव्हे, तर मागच्या बाजूच्या रुंद रस्त्याने फाटक काढता येईल का, हेही विचारण्यासारखे होते. प्रस्तावाच्या नकाशात तो रस्ता होता, पण त्यावर कोणी बोट ठेवले नव्हते.

मुलीने हरकतीचा अर्ज स्वतः लिहिला. एक पान मजकूर आणि तीन पाने तक्ते. त्यात 'केंद्र नको' असे वाक्य नाही. दहा ते अकरा या तासाची वाहनसंख्या द्यावी, काट्यापुढे निदान दहा गाड्यांची जागा ठेवावी, मोठ्या गाड्या शाळा भरण्यासुटण्याच्या वेळी सोडू नयेत आणि मागच्या रस्त्याचा विचार का केला नाही ते सांगावे, एवढेच होते. पोच मिळाली आहे. सुनावणी अजून व्हायची आहे.

दरम्यान पाऊस सुरू झाला. परवा ती पुन्हा आली, भिजलेली वही घेऊन. पाऊस पडत असताना तिने आणखी एकदा मोजणी केली होती. सायकली शंभरावरून वीसवर आल्या होत्या आणि ती मुले रिक्षांतून येत होती. शिवाय भिजलेला कचरा जड होतो, म्हणजे २०० टनांचे २०० टन राहणार नाहीत. "आता सगळे तक्ते परत करायचे का, काका?" मी पाटी-पेन्सिल काढली. रिक्षांचे प्रमाण दहा टक्क्यांवर जाते का, ते आधी पाहायला हवे होते.